भिंतीवरील चलच्चित्रे : एका अल्पायुषी कलेचे परीक्षण

कलेचा विचार करताना भिंत ही वस्तू आपण सहसा विसरतो. चित्रकार, चित्र आणि प्रेक्षक या तिघांचीच गणना होते. ज्या पृष्ठभागावर चित्र उमटले तो कोणाचा, तेथे काही काढण्याची अनुज्ञा कोणी दिली, ते किती काळ टिकावे आणि कोणाच्या नजरेस पडावे, हे प्रश्न रसिकांच्या बैठकीत निघत नाहीत. ते कोर्टकचेरीचे म्हणून बाजूला सारले जातात. ज्यांचा दिवस दिवाणी दाव्यांत जातो त्या आमच्यासारख्यांना मात्र हेच प्रश्न प्रथम सुचतात. आणि प्रस्तुत लेखाचा विषय असा आहे की त्यात हे प्रश्न व सौंदर्याचे प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत.

विषय आहे संगणकावरील युद्धखेळांत खेळाडूंनी भिंतींवर उमटवलेल्या चित्रांचा. या चित्रांना तिकडे ‘स्प्रे’ म्हणतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा विषय पोरकट वाटेल, हे आम्ही जाणून आहो. घरातल्या मुलाच्या खोलीचे दार लोटलेले असते, आत बंदुकांचा कडकडाट चाललेला असतो, आणि त्या गोंगाटात कलेचा काही अंश असेल अशी शंकाही वडीलधाऱ्यांच्या मनाला शिवत नाही. आमचे म्हणणे असे की तेथे कला होती. तिला स्वतःचे शास्त्र होते, स्वतःची शिस्त होती. आणि ती ज्या कारणांनी क्षीण झाली ती कारणे आपणा सर्वांना विचार करायला लावणारी आहेत.

प्रथम थोडा इतिहास. १९९८ साली अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने ‘हाफ-लाइफ’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. अनेकांनी मिळून खेळताना प्रत्येक खेळाडूला आपले एक लहानसे चिन्ह निवडता येई आणि कळ दाबताच समोरच्या भिंतीवर ते रंगाच्या डब्याने फवारल्यासारखे उमटे. त्याच खेळाच्या पायावर हौशी मंडळींनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. पुढे २००० साली व्हॉल्व्हनेच तो बाजारात आणला. आपल्या शहरांतील सायबर कॅफेंत ज्या खेळाने एका पिढीच्या दुपारी खाऊन टाकल्या तो हाच. कंपनीने दिलेल्या चिन्हांवर खेळाडूंचे समाधान झाले नाही. आपले स्वतःचे चित्र खेळाच्या साच्यात बसवण्याची युक्ती त्यांनी शोधली. परंतु ही चित्रे स्थिर होती, आकाराने लहान होती आणि एका चित्रात २५६ रंगांपलीकडे जाण्याची सोय नव्हती. २००४ साली ‘सोर्स’ नावाची नवी यंत्रणा आली. तिच्या चित्रधारिकेत एकाच चित्राच्या अनेक फ्रेमा एकामागून एक साठवता येत. ‘व्हीटीएफएडिट’ हे मोफत साधन हाती आल्यावर सामान्य खेळाडूलाही अशी धारिका बांधता येऊ लागली, आणि भिंतीवरचे चित्र हलू लागले. ‘काउंटर-स्ट्राइक : सोर्स’ (२००४) आणि ‘टीम फोर्ट्रेस २’ (२००७) हे दोन खेळ या कलेचे माहेरघर ठरले.

या कलेचे नियम ध्यानी घेतल्यावाचून तिचे परीक्षण करणे अन्यायाचे होईल. एका खेळाडूला एका वेळी एकच चित्र. दुसरीकडे फवारले की पहिले नाहीसे होते. रणभूमी बदलली की सारी चित्रे पुसली जातात. खेळात हजर असलेल्या इतरांच्या संगणकावर ते चित्र आपोआप पोचते, म्हणजे प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसतो, तो वाटेने धावता धावता प्रेक्षक होतो. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम धारिकेच्या वजनाचा. कित्येक वर्षे ही मर्यादा सुमारे १२० किलोबाइट होती. पुढे ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये ती ५१२ किलोबाइटपर्यंत वाढली. आजच्या दूरध्वनीवर टिपलेल्या एका साध्या छायाचित्राचे वजनही याच्या कित्येक पट असते. दारासमोरची रांगोळी उद्या पुसली जाणार हे ठाऊक असूनही जी गृहिणी आज ठिपके मोजून मांडते, तिला या कलेची वृत्ती सांगावी लागणार नाही.

आता मुख्य प्रश्न. चित्रफितीतून उचललेला तुकडा भिंतीवर स्पष्ट कसा दिसावा? ‘स्पष्ट’ या एका शब्दाभोवतीच या कलेची सारी मीमांसा फिरते. नवशिक्याची समजूत अशी असते की पिक्सेल जितके अधिक तितकी स्पष्टता अधिक. ही समजूत गणिताच्या पहिल्याच पायरीवर कोसळते. या धारिकांत बहुधा जी संक्षेपपद्धती वापरतात तिचे नाव डीएक्सटी-१. ती एस-३ नावाच्या अमेरिकन कंपनीच्या संशोधनातून निघाली. तिच्या हिशेबाने प्रत्येक पिक्सेलला अर्धा बाइट लागतो. २५६ रुंद व २५६ उंच असे चित्र घेतले तर एका फ्रेमचे वजन ३२ किलोबाइट भरते. ५१२च्या मर्यादेत अशा फ्रेमा गणिताने सोळा. परंतु धारिकेच्या शीर्षलेखालाही थोडी जागा लागत असल्याने प्रत्यक्षात पंधरा. १२८ बाय १२८ घेतले तर एक फ्रेम ८ किलोबाइटची, आणि फ्रेमा त्रेसष्ट. ५१२ बाय ५१२चा हट्ट धरला तर एक फ्रेम १२८ किलोबाइटची, आणि फ्रेमा अवघ्या तीन. जुन्या १२० किलोबाइटच्या काळात तर २५६च्या तीनच फ्रेमा बसत. तात्पर्य, चौकटीतील बारकावा आणि हालचालीतील सातत्य ही दोन्ही एकाच तिजोरीतून काढायची असतात. एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते. शिवाय भिंतीवरच्या ठशाचा आकार पिक्सेल वाढवल्याने वाढत नाही. तो ठरलेलाच राहतो. म्हणून अनुभवी कारागीर प्रथम विचारतो : या तुकड्यात पाहण्याजोगे काय आहे, चेहरा की चाल? चेहरा असेल तर फ्रेमा थोड्या व चित्र मोठे. चाल असेल तर चित्र लहान व फ्रेमा पुष्कळ. हा प्रश्न न विचारता जो दोन्ही मागतो त्याला दोन्ही मिळत नाहीत.

यापुढची पायरी अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते येथेच कारागिराची परीक्षा होते. डीएक्सटी-१ ही पद्धती चित्राचे चार बाय चार पिक्सेलांचे बारीक चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनाला ती केवळ दोन मूळ रंग देते आणि त्या दोहोंच्या दरम्यानचे दोन रंग स्वतः काढते. याचा अर्थ असा की ज्या लहानशा जागेत तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन निराळे रंग भेटतात तेथे चिखल होणार. पण जेथे एक गडद व एक फिका असे दोनच रंग एकमेकांना भिडतात तेथे रेषा ठसठशीत उठणार. आमच्या गोव्यातील व कोकणातील देवळांच्या भिंतींवरचे कावीकाम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या नियमाचे मर्म तत्काळ कळेल. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावीचा थर, आणि तो ओला असतानाच खरवडून काढलेली नक्षी : रंग दोनच, आणि तरीही दीपस्तंभाजवळून पाहिले तरी भिंतीवरचा मोर मोरच दिसतो. त्या कारागिरांना संगणक ठाऊक नव्हता व या खेळाडूंना कावी ठाऊक नाही. दोहोंमध्ये काही परंपरेचा संबंध आहे असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. साधन तोकडे असले की स्पष्टता भर घालून येत नसून खरवडून येते, एवढाच साम्याचा अर्थ.

या नियमावरूनच एका सार्वत्रिक चुकीचा उलगडा होतो. पुष्कळ खेळाडू आधी चित्रफितीचे जीआयएफ करतात आणि मग त्या जीआयएफचा स्प्रे बांधतात. जीआयएफ ही १९८७ सालची, कॉम्प्युसर्व्ह कंपनीतील स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची निर्मिती. तिच्यात एका चित्राला २५६ रंगांची मर्यादा आहे, आणि ती झाकण्यासाठी संगणक रंगांचे बारीक ठिपके मिसळून मधल्या छटांचा आभास करतो. हे ठिपके पडद्यावर पाहताना खपून जातात. पण तेच चित्र चार बाय चारच्या चौकोनांत शिरले की प्रत्येक ठिपका हा एक निराळा रंग म्हणून दोन मूळ रंगांच्या जागेसाठी भांडू लागतो आणि सारे चित्र दाणेदार, गढूळ होऊन बसते. एका संक्षेपावर दुसरा संक्षेप चढवला की दोहोंचे दोष राहतात आणि गुण जातात. जाणकार कारागीर मूळ चित्रफितीतून प्रत्येक फ्रेम अक्षत स्वरूपात, पीएनजी किंवा टीजीए धारिकेत, काढून घेतो. दूरदर्शनवरून टिपलेली जुनी चित्रफीत असेल तर तिच्यातल्या सम-विषम रेषांची दाते पडल्यासारखी विस्कळ आधी निस्तरतो. नको तो भाग कातरून टाकतो. छायाप्रकाशातील भेद थोडा वाढवतो. पार्श्वभूमी सपाट करतो किंवा पारदर्शक ठेवतो. चित्र लहान करणे शेवटी करतो आणि लहान केल्यावर कडा किंचित धारदार करतो. संक्षेप एकदाच, अगदी अखेरीस. हा क्रम चुकला की मागाहून कितीही श्रम केले तरी व्यर्थ.

हालचालीचे शास्त्र निराळे. मूळ चित्रफितीत सेकंदाला २४, २५ किंवा ३० फ्रेमा असतात. पंधरा फ्रेमा लागोपाठच्या घेतल्या तर अर्ध्या सेकंदाचाच व्यवहार हाती येतो. आणि खेळातील यंत्रणा मूळ गती न पाळता आपल्या संथ लयीने फ्रेमा उलटीत असल्यामुळे तो अर्धा सेकंद रेंगाळत, पाण्याखाली चालल्यासारखा दिसतो. म्हणून फ्रेमा निवडाव्या लागतात. आणि दर तिसरी किंवा दर चौथी अशी यांत्रिक निवड करून भागत नाही. उडी असेल तर पाय जमिनीवर दाबला गेल्याचा क्षण, शरीर सर्वांत उंच असल्याचा क्षण आणि पुन्हा टेकल्याचा क्षण हे तीन आलेच पाहिजेत. मधले काही गाळले तरी डोळा भरून काढतो. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी बारा कॅमेरे ओळीने मांडून दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात हे जगाला दिसले. बारा चित्रे पुरली. त्याच्याही आधी, १८३२ साली, बेल्जियमचे जोसेफ प्लातो यांनी फिरत्या तबकडीवर मोजकी चित्रे मांडून नर्तकाला अखंड गिरक्या घ्यायला लावल्या होत्या. आणि आपले दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ थोडी थोडी टिपून काही क्षणांत दाखवली, तीही निवडीचीच किमया. पंधरा फ्रेमांचा स्प्रे हा, आमच्या मते, आजच्या चित्रपटाचा धाकटा भाऊ नसून प्लातोच्या तबकडीचा नातू आहे. त्याला कथानक पेलत नाही; त्याला आवर्तन पेलते. म्हणूनच शेवटची फ्रेम पहिलीत कशी मिसळते यावर सारे अवलंबून असते. तबला वाजवणाऱ्याला सम चुकलेली जशी सहन होत नाही तसा हा सांधा चुकलेला डोळ्याला सहन होत नाही.

या कसोट्या लावून पाहिले तर बहुसंख्य स्प्रे का फसतात हे सांगणे अवघड नाही. लोकप्रिय चित्रपटातील गाजलेला प्रसंग उचलायचा, त्यात चार माणसे, हलता कॅमेरा, रात्रीचा अंधार आणि खाली उपशीर्षकाच्या दोन ओळी, हे सारे १२८ पिक्सेलांत कोंबायचे, असा हा उद्योग असतो. ज्याने तो चित्रपट पाहिला आहे त्याला आठवणीच्या जोरावर काहीतरी उमगते. इतरांना एक काळसर, थरथरणारा डाग दिसतो. म्हणजे चित्र करणाऱ्याच्या मनात आहे, भिंतीवर नाही. याउलट जे स्प्रे चांगले म्हणून लक्षात राहावेत त्यांत एकच देह, मोकळी पार्श्वभूमी, स्थिर कॅमेरा आणि पुनःपुन्हा घडणारी एकच क्रिया असते : मान वळवणारे मांजर, वाऱ्याने हलणारी ज्योत, हवेत नाणे उडवणारा हात. धावत्या खेळाडूला ते पाहायला अर्धा क्षण मिळतो आणि अर्धा क्षण पुरतो. पाहणाऱ्याजवळ वेळ नाही ही जाणीव ज्या कारागिराला आहे त्याच्या चित्रातच सौजन्य उतरते. आणि सौजन्य हा सौंदर्याचा एक घटक आहे असे आम्ही मानतो.

एक प्रकार विशेष उल्लेखनीय आहे. दुरून पाहताना चित्र चमचमू नये म्हणून संगणकीय चित्रांत त्याच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश आकाराच्या प्रती सोबत ठेवण्याची रीत आहे. त्यांना ‘मिपमॅप’ म्हणतात. त्यांनी वजन एक तृतीयांशाने वाढते, म्हणून काटकसरी कारागीर त्या गाळतात, आणि मग त्यांचा स्प्रे जवळून स्वच्छ पण लांबून किरकिरा दिसतो. परंतु काही कल्पकांच्या लक्षात आले की लहान प्रतीत मोठ्या प्रतीचेच चित्र असले पाहिजे असा काही यंत्राचा आग्रह नाही. त्यांनी लहान प्रतीत एक चित्र ठेवले, मोठ्या प्रतीत दुसरे. परिणामी लांबून जो मिटलेला डोळा दिसतो तो जवळ जाताच उघडतो. अंतराचेच चित्र झाले! येथे चित्रफितीची उसनवारी संपते व या माध्यमाचे स्वतःचे असे काही बोलणे सुरू होते. असे स्प्रे संख्येने थोडेच. पण कोणत्याही कलेचे मोल तिच्या सर्वोत्तम प्रयोगांवरूनच ठरवावे.

येथपर्यंत आम्ही कारागिराचा कैवार घेतला. आता दुसरी बाजू मांडणे हे कर्तव्य आहे, कारण या कलेवर जे आरोप झाले ते खोटे नव्हते.

पहिला आरोप अश्लीलतेचा. जेथे अनोळखी माणसांच्या डोळ्यांसमोर, नाव न सांगता, वाटेल ते चित्र फवारता येते, तेथे काय फवारले गेले हे सांगायला नको. त्या भिंतींवर बीभत्स चित्रांची रेलचेल होती आणि पाहणाऱ्यांत शाळकरी मुले होती. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या कलम ६७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अश्लील मजकूर प्रसारित करणे हा गुन्हा आहे; पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोराने गंमत म्हणून दाबलेल्या एका कळीचे कायद्याच्या पुस्तकात हे असे रूप असते, हे पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे. दुसरा आरोप फसवणुकीचा : दबा धरून बसलेल्या शिपायाचे हुबेहूब चित्र भिंतीवर उमटवून प्रतिपक्षाच्या गोळ्या वाया घालवायच्या. हा आरोप आम्ही गंभीर मानत नाही. युद्धखेळात कपटाला मज्जाव नाही, आणि असा स्प्रे फसवण्याइतका स्पष्ट असला तर ती कारागिराची पावतीच झाली. तिसरा आरोप लुकलुकाटाचा, आणि तो आम्ही सर्वांत गंभीर मानतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या मालिकेतील तांबड्या-निळ्या प्रकाशाच्या जलद लखलखाटामुळे सुमारे ६८५ प्रेक्षकांना, त्यांत बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. लक्ष वेधून घेण्यासाठी काळी आणि पांढरी फ्रेम आलटून पालटून ठेवणारा स्प्रे-कर्ता स्वतःला खोडकर समजतो. भिंतीपलीकडे कोण पाहतो आहे व त्याची प्रकृती कशी आहे हे त्याला ठाऊक नसते.

चौथा प्रश्न स्वामित्वाचा. तुकडा कोणाच्या चित्रफितीतून घेतला? आपल्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम १४ वाचले तर चित्रपटाच्या स्वामित्वात त्या चित्रपटातील एखाद्या दृश्याचे छायाचित्र काढण्याचाही अधिकार समाविष्ट असल्याचे दिसेल. म्हणजे पंधरा फ्रेमाच काय, एक फ्रेमही काटेकोरपणे पाहता मालकाची. कलम ५२ खाजगी उपयोगासाठी व समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा देते; पण दहा-वीस परक्यांसमोर फवारलेले चित्र खाजगी कसे म्हणावे? उलटपक्षी, अत्यल्प गोष्टींची कायदा दखल घेत नाही हे जुने तत्त्व दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात गाण्याच्या काही ओळींच्या संदर्भात लागू केले आहे. अमेरिकेत, जेथे हे खेळ जन्मले, तेथे १९७६च्या कायद्याचे कलम १०७ वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, उचललेल्या भागाचे प्रमाण व बाजारावरील परिणाम असे चार निकष सांगते. या निकषांवर तीन सेकंदांचा, मूकच राहणारा, टपाल तिकिटाएवढा तुकडा कोणाच्या पोटावर पाय आणील असे आम्हांस वाटत नाही. तथापि कायद्याने सुटणे निराळे व कृतज्ञता निराळी. ज्याने स्वतःच्या कॅमेऱ्याने स्वतःच्या मांजराची मान टिपली त्याच्या स्प्रेला आम्ही एक गुण अधिक देऊ.

या आरोपांवर उपाय काय झाला, हाच या कहाणीतला खरा वळणाचा भाग. प्रथम मार्ग सोपा होता : ज्याला नको त्याने एक आज्ञा लिहून आपल्यापुरते सर्व स्प्रे बंद करावेत, आणि सर्व्हर चालवणाऱ्याने आपल्या अंगणात काय चालू द्यायचे ते ठरवावे. ही व्यवस्था ग्रामसंस्थेसारखी होती. कोठे शिस्त होती, कोठे अनागोंदी होती. पण निर्णय शेजाऱ्यांचा होता. नंतर मोठ्या कंपन्यांनी स्वतःच सर्व्हर चालवण्याची प्रथा वाढली आणि शेजारी उरला नाही. २०१२ साली ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ आला तो स्वनिर्मित स्प्रेवाचून. ऑक्टोबर २०१६ मध्ये भिंतीवरची चित्रे परत आली, पण ‘ग्राफिटी’ या नावाने आणि विक्रीचा माल म्हणून. चित्र कंपनीने मान्य केलेले. एका नगाचे पन्नास फवारे. ते संपले की दुसरा नग घ्या. ज्या खेळाच्या पूर्वजात पोरे रात्र रात्र जागून फ्रेमा निवडीत होती, त्याच खेळात आता फवारा मोजून मिळू लागला.

कंपनीचा पक्ष आम्हांस समजतो. अश्लीलतेची जबाबदारी तिच्या शिरावर येत होती, आणि लाखो धारिका तपासणे अशक्य होते. तयार चित्रे निर्मळ असतात, कोणाला झटका आणीत नाहीत, कोणाचे स्वामित्व बुडवीत नाहीत. एखादा न्यायाधीश या चारही मुद्द्यांवर कंपनीच्या बाजूने निकाल देईल, व तो चुकीचा ठरणार नाही. परंतु निकालपत्रात जे लिहिले जात नाही तेही कोठेतरी नोंदले जावे. या बदलात एक कौशल्य गेले. पंधरा वर्षांचा मुलगा, कोणी न शिकवता, वजनाचा हिशेब शिकत होता. रंग का मिसळतात ते शिकत होता. काय गाळावे ते शिकत होता. आणि आपले काम परक्यांच्या नजरेखाली ठेवून त्यांचा उपहास किंवा कौतुक सोसत होता. गुरू नसलेली ती शाळा होती. तिच्यात वात्रट विद्यार्थी अधिक होते म्हणून तिला टाळे लागले, आणि टाळ्याच्या जागी दुकान उघडले.

येथे आमच्या वाचकांचा संबंध येतो. आमच्या अनेक संस्थांतून हेच वळण आपण पाहत आहो. देवळाच्या जीर्णोद्धारात कावीची भिंत पाडून तयार फरशी बसवली जाते, ती धुता येते म्हणून. उत्सवाची रांगोळी छापील येते, ती सरळ असते म्हणून. प्रत्येक वेळी कारण रास्तच असते. स्वच्छता, सोय, तक्रारीला जागा न राहणे, ही सारी कारणे न्याय्य आहेत. मात्र न्याय्य कारणांची बेरीज करून जी वस्तू उरते तिच्यात कोणाच्याही हाताचा ठसा नसतो, ही गोष्ट बेरीज करताना कोणी पाहत नाही. अधिकाराचा दुरुपयोग झाला तर दुरुपयोग करणाऱ्याला आवरावे, अधिकारच काढून विकायला ठेवू नये, हे तत्त्व आम्ही मालमत्तेच्या दाव्यांत आग्रहाने मांडतो. भिंतीवरच्या चित्रालाही ते लागू पडावे.

ही कला अगदीच नामशेष झाली आहे असे नाही. जुन्या खेळांच्या खाजगी सर्व्हरांवर तिचे काही उपासक अजून आहेत, आणि चित्रफितीतून फ्रेमा काढण्याची साधने पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहेत. ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तेथील वडीलधाऱ्यांनी दार ढकलून तीन प्रश्न विचारावेत अशी आमची सूचना आहे. हा तुकडा तू कोठून घेतलास? तो पाहणाऱ्यांत आपल्या धाकट्या बहिणीएवढी मुलगी असेल तर चालेल का? आणि यातले काय गाळल्यावर हे अधिक स्पष्ट दिसेल? पहिला प्रश्न कायद्याचा, दुसरा शीलाचा, तिसरा कलेचा. तिसऱ्याचे उत्तर शोधताना पहिल्या दोहोंचीही उत्तरे बहुधा सापडतात; कारण जो फ्रेम गाळायला शिकला तो हट्टही गाळायला शिकतो.